सात-बारावर मालक कोण?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत माझ्याकडे प्रश्न दिला आहे : जमिनीचा खराखुरा मालक कोणी असू शकतो का?

प्रश्न कीर्तनातला वाटतो. माणूस रिकाम्या हाताने येतो, रिकाम्या हाताने जातो, वावर जागच्या जागी राहते. प्रत्येक मयतीत कोणीतरी हे बोलतो आणि ते खोटेही नाही. पण हे तत्त्वज्ञान शेतकऱ्यालाच का ऐकवले जाते? जिनिंगवाल्याला कोणी म्हणत नाही, की बाबा, यंत्रे देवाची, तू फक्त राखणदार. बँकेतल्या ठेवीचा मालक कोण, यावर परिसंवाद होत नाहीत. शंका निघते ती आपल्या चार-पाच एकरांबद्दल; आणि बहुतेक वेळा ती जमीन दुसऱ्या कोणाला हवी असते तेव्हाच. म्हणून हा प्रश्न आपण कीर्तनातून उचलू आणि तलाठ्याच्या टेबलावर ठेवू.

कागद काय म्हणतो?

घरी गेल्यावर सात-बारा काढा. आपले नाव ज्या रकान्यात आहे, त्याच्या डोक्यावर कोणता शब्द आहे? ‘मालक’ नाही, ‘भोगवटादार’ आहे. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५४ च्या जमीन महसूल संहितेत शब्द होता ‘भूमिस्वामी’. मग महाराष्ट्राची १९६६ ची संहिता आली आणि कालचा स्वामी भोगवटादार झाला. वावर तेच, धुरा तोच, कसणारा तोच. फक्त पाटी बदलली. पाटी लिहिणारा हात कोणाचा, हे मात्र त्यातून कळले.

वर्ग-१ असाल तर विकता येते, पण तेही साधारणपणे शेतकऱ्यालाच. वर्ग-२ असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमिनीखालच्या खनिजांवर हक्क शासनाचा, असे संहितेचे कलम ४८ सांगते. आणि सात-बाराची नोंद? खोटी ठरेपर्यंत ती खरी मानायची, इतकेच कलम १५७ म्हणते. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

वऱ्हाड कोणाचे होते?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीची रयतवारी मोजणी इथे आली. शेताला नंबर मिळाला, आकार ठरला. सारा भरा, कसा, मुलाला द्या, विका. गंमत पाहा : १९०२ साली इंग्रजांनी निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि वर्षाला २५ लाख रुपये खंड कबूल केला. म्हणजे आपल्याकडून सारा घेणारे सरकार स्वतःच निजामाचे कूळ होते! नावाला धनी हैदराबादेत, साहेब नागपुरात, आणि नांगर आपल्या हातात. यांतला मालक कोणता?

त्या मोजणीने आणखी एक गोष्ट झाली. जमीन विकता येऊ लागली, तशी ती गहाणही पडू लागली. सावकाराला पूर्वी फार तर पीक उचलता येत होते, आता वावरच उचलता येऊ लागले. कर्जापोटी खरेदीखत लिहून घ्यायची चाल आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने अशा जमिनी परत मागण्याची वाट ठेवली. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांनाच ती वापरता आली. मालकीचा हक्क म्हणजे ती गमावण्याचीही मोकळीक. दोन्ही एकाच कागदावर येतात.

काढून घेणारा हात

घटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येईना. आज त्यात २८४ कायदे आहेत आणि त्यांतले बहुसंख्य जमिनीचे आहेत. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. उरले कलम ३००-अ : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे कायदा केला, की घेता येईल.

मेहकर, सिंदखेडराजा भागातल्या लोकांना हे मी सांगायला नको. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १० जिल्ह्यांतून गेला, त्यात आपला एक. अनेकांनी थेट खरेदीला संमती दिली, भावही चांगला घेतला. त्यांना दोष नाही. विकणे हाही मालकाचाच हक्क आहे. पण ज्याने नाही म्हटले, त्याच्या जमिनीसाठी सक्तीच्या संपादनाची वाट होतीच. ज्या सौद्यात एका बाजूला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला सौदा म्हणायचे का? नांदुऱ्याकडे जिगाव धरणाच्या बुडितातले लोक हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आहेत.

थोडा आधार आता मिळाला आहे. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ३००-अ मध्ये सात गोष्टी येतात : नोटीस, म्हणणे ऐकणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, वेळेत कारवाई आणि प्रकरणाचा पक्का शेवट. या सात गोष्टी पाठ करा. नोटीस घेऊन माणूस दारात आला, की त्या बोटांवर मोजायच्या.

आपल्या घरातला भोगवटादार

सरकारला विचारले, आता स्वतःला विचारू. निंदण-खुरपण कोण करते? कापूस कोण वेचते? आणि सात-बारावर तिचे नाव किती घरांत आहे? १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या हाकेवर लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली शासनाला त्यासाठी परिपत्रक काढावे लागले. कायदाही पुढे सरकला : महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. तरी आजही राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्र येते आणि ती वाचल्याशिवाय सही करते. सरकारने सक्तीने घेतली तर तो अन्याय, आणि भावाने मायेने घेतली तर रीत?

दुसरा माणूस ठोक्याने-बटईने करणारा. कसतो तो, पण कागदावर तो नाही. पीककर्ज नाही, गारपिटीची मदत मिळाली तर मालकाच्या खात्यात. आत्महत्या झाली तर प्रस्ताव पात्र की अपात्र, हे ठरवताना जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का ते पाहतात. जमीनवाला लिहून का देत नाही? विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९६१ ला कुळे मालक झाली, ती भीती अजून गेलेली नाही. भीती समजू शकते. पण तिची किंमत जो मोजतो, तो या सभेतही बसला आहे.

मग मालकी म्हणजे काय?

मी शेतीचा पदवीधर. मातीच्या बाजूने विचाराल तर ती कोणाचीच नाही. आपली काळी माती लाव्हाच्या खडकापासून बनली. तो खडक साडेसहा कोटी वर्षांचा. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उताराच्या नांगरटीवर एक जोरदार पाऊस ती पूर्णेत नेऊन टाकतो. खरेदीखत दाखवून ती परत येत नाही. खारपाण पट्ट्यात सात-बारा कितीही स्वच्छ असो, विहिरीचे पाणी गोड होत नाही.

माझे उत्तर असे आहे : मालकी मातीत नसते, ती माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दात असते. हे वावर तू कर, आम्ही त्यात शिरणार नाही, हा शब्द. तेव्हा शब्द कोणी दिला, तो एकट्याने मोडता येतो का, आणि तो देताना कोणाला बाहेर ठेवले, हे तीन प्रश्न विचारायचे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली ग्रामदान करून आपल्या जमिनी ग्रामसभेकडे देण्याचे ठरवले. आपण तसे करावे असे मी म्हणत नाही. पण तिथे सोडणाऱ्यांनी स्वतः बसून ठरवले. स्वतः सोडणे आणि दुसऱ्याने हिसकावणे यांत जो फरक आहे, तोच मालकी.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन कामे करावीत :

१. सात-बारा, आठ-अ आणि फेरफार काढून मोठ्याने वाचावेत. वर्ग कोणता, ‘इतर अधिकारा’त कोणता बोजा, मेलेल्यांची नावे किती, हे लिहून आणावे.

२. बहिणीला अर्थ समजावून सांगितल्याशिवाय आणि विचाराला वेळ दिल्याशिवाय हक्कसोडपत्र करू नये. जमेल त्या घराने घरधनिणीचे नाव लावावे.

३. बटईचा व्यवहार हंगामापुरता का होईना, कागदावर आणावा. नुकसानभरपाईचा वाटा त्यात लिहावा.

कागद घेऊन या. पुढची चर्चा त्यांच्यावरच करू.