दहा दिवसांची नोटीस



१८८७ साली शिकागोच्या बेसबॉल संघानं मायकेल केली हा प्रेक्षकांचा लाडका खेळाडू बोस्टनला विकला. किंमत दहा हजार डॉलर, आणि ती जमा झाली शिकागोच्या मालकांकडे. या व्यवहाराच्या मुळाशी होतं करारातलं राखीव कलम. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं, की प्रत्येक संघानं पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे जवळजवळ सगळा संघच राखीव झाला. कराराची मुदत संपली, तरी खेळाडूची सुटका नाही.

हे निमूटपणे न सोसणारा माणूस म्हणजे जॉन माँटगोमेरी वॉर्ड. विसाव्या वर्षी, १८८० मध्ये, त्यानं प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देता सामना जिंकला होता. पुढे चेंडू फेकणारा हात दुखावला, तेव्हा तो क्षेत्ररक्षणाकडे वळला. न्यूयॉर्ककडून खेळता खेळता त्यानं कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि त्याच वर्षी, १८८५ मध्ये, खेळाडूंची संघटना उभी केली. मला या माणसाबद्दल विलक्षण आदर वाटतो, तो त्याच्या या दुसऱ्या डावासाठी.

१८८८ च्या अखेरीस वॉर्ड इतर खेळाडूंबरोबर जगाच्या दौऱ्यावर होता. ही मंडळी ऑस्ट्रेलियात खेळली, कोलंबोत खेळली, इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या सावलीतही खेळली. इकडे मालकांनी खेळाडूंच्या पाच श्रेणी पाडल्या: वरच्या श्रेणीला वर्षाला अडीच हजार डॉलर, खालच्या श्रेणीला दीड हजार. श्रेणी ठरवताना मैदानाबाहेरची वागणूकही जोखली जाणार होती!

मग १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. आठ संघ, कारभारात खेळाडू आणि भांडवलदार बरोबरीचे. न्यूयॉर्कचे जुने मालक वॉर्डविरुद्ध कोर्टात गेले. न्यायमूर्ती ओब्रायन यांनी करार वाचला. खेळाडू वर्षानुवर्षं बांधलेला. क्लब मात्र दहा दिवसांची नोटीस देऊन त्याला केव्हाही घरी पाठवू शकतो. असा एकतर्फी करार न्यायाच्या कसोटीला उतरत नाही, म्हणून वॉर्डला रोखणारा मनाईहुकूम त्यांनी नाकारला. किती साधा, किती बिनतोड मुद्दा!

कोर्टात जिंकलेली ही लढाई खेळाडू तिकीटखिडकीवर हरले. दोन्ही लीगचे सामने एकाच शहरात, एकाच दिवशी होऊ लागले; प्रेक्षक विभागले आणि तोटा सगळ्यांनाच झाला. मालकांचे पुढारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांनी आपला तोटा झाकून ठेवला आणि खेळाडूंच्या भांडवलदारांना वाटाघाटींना बसवलं. भांडवलदार घाबरले, फुटले. एका हंगामात लीग संपली. खेळाडू नॅशनल लीगकडे परतले, वॉर्डही परतला.

पुढे वकील झाल्यावर त्यानं करारांच्या तंट्यांत खेळाडूंची बाजू मांडली. १९२५ मध्ये तो वारला, तेव्हा राखीव कलम शाबूत होतं. ते मोडायला लवादाचा १९७५ चा निकाल यावा लागला.