दुधांतील रोगजंतूंचा सत्वर शोध

दूध शुभ्र दिसलें म्हणजे तें निर्दोष असतेंच असें नाहीं. कासेचा दाह हा दुभत्या जनावरांचा फार जुना शत्रु होय. त्याचें उघड रूप गोठ्यांत कोणासहि ओळखतां येतें. कास सुजते, दगडासारखी घट्ट होते आणि दुधांत गुठळ्या दिसूं लागतात. शेतकरी या रोगास 'दगडी' म्हणतात तें याचमुळें. त्याचें प्रच्छन्न रूप मात्र अधिक फसवें. त्यांत कास सुजत नाहीं, दुधाचा रंगहि पालटत नाहीं. केवळ दूध घटत जातें, आणि धार काढणाऱ्याच्या हातांबरोबर रोग शेजारच्या गाईपर्यंत पोहोंचतो.

१९५७ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेली परीक्षा सोपी आहे. दुधांत एक विशिष्ट द्राव मिसळला कीं रोगट दूध चिकट होतें. त्यावरून दाह आहे एवढें कळतें. तो कोणत्या जंतूमुळें, हें कळत नाहीं. उपचाराचें सारें इंगित तर तेथेंच आहे. 'स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिई' हा जंतु पेनिसिलिनपुढें बहुधा नमतो. 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' कासेंत खोल दडून पुनःपुन्हां डोकें वर काढतो. 'मायकोप्लाझ्मा'स पेशीभित्तिकाच नसल्यामुळें त्याच्यावर पेनिसिलिन निरुपयोगी ठरतें. प्रयोगशाळेंत पोषक द्रव्यावर जंतु वाढवून ते ओळखण्यास एक-दोन दिवस लागतात; मायकोप्लाझ्मास आठवडा किंवा अधिक. तितका धीर कोणास नसतो, आणि औषध अंदाजानेंच दिलें जातें.

नवी रेण्वीय परीक्षा जंतु वाढण्याची वाट पाहत नाहीं; ती त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, शोध घेते. ही युक्ति अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी मलिस यांस १९८३ सालीं सुचली व १९९३ सालीं त्यांस तिजबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. दुधांतून वेगळें केलेलें डीएनए सुमारें ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापविलें कीं त्याचे दोन धागे विलग होतात. तें निवूं लागलें कीं इष्ट जंतूशीं जुळणारे लहान तुकडे त्या धाग्यांस चिकटतात, आणि एक विकर प्रत्येक धाग्याची जोड घडवितें. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशा क्रमानें तीस आवर्तनांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. हें सारें कांहीं तासांचें काम.

तथापि या परीक्षेचा शब्द अखेरचा मानतां येत नाहीं. औषधानें मेलेल्या जंतूचें डीएनएहि ती दाखविते, आणि सड नीट न पुसतां घेतलेल्या दुधांत त्वचेवरील जंतुहि सांपडतात. म्हणून नमुना स्वच्छपणें घेणें व पशुवैद्यानें गाय स्वतः तपासणें अगत्याचें आहे.

अनेक देशांत गाई आटवितांना सरसकट प्रत्येकीच्या कासेंत औषध सोडण्याची चाल होती. युरोपीय संघांत २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानें प्रतिजैविकांच्या अशा सरसकट वापरास बंदी केली. तेव्हां रोगी कास कोणती, हें आधीं ठरविणें तेथें क्रमप्राप्तच झालें.

शहरांतील कुटुंबांचा या गोष्टीशीं संबंध दूरचा नाहीं. औषध दिलेल्या गाईचें दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत विकावयाचें नसतें. तो नियम मोडला तर औषधाचा अंश घरच्या भांड्यांत उतरतो. तापविल्यानें जंतु मरतात, परंतु कित्येक प्रतिजैविकांचा अंश तसाच राहतो. तो टाळण्याचा खरा उपाय चुलीवर नसून गोठ्यांत आहे: आधीं जंतु ओळखावा आणि मगच औषध द्यावें.