ऑनलाइन शिक्षण आणि विद्यार्थ्याचे समाधान



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पांढुर्णा-सौंसरच्या शाळांना कुलपे लागली. एप्रिलपासून मध्यप्रदेशात ‘डिजिलेप’ कार्यक्रमातून व्हॉट्सअॅपवर पाठ घरोघर जाऊ लागले. संकटकाळी शासन स्वस्थ बसले नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु विद्यार्थ्याचे समाधान झाले काय?

मराठीत ‘समाधान’ या शब्दाला दोन अंगे आहेत. एक तृप्तीचे, दुसरे शंकानिरसनाचे. म्हणून तर आपण ‘शंकासमाधान’ म्हणतो. आजकालच्या पाहण्यांत मात्र समाधान हा मोजपट्टीवरचा एक आकडा होऊन बसतो. ज्याला शंकाच आली नाही, तोही तेथे समाधानी ठरतो! शिक्षणशास्त्रज्ञ मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातील तीन संवाद सांगितले: विद्यार्थ्याचा पाठाशी, शिक्षकाशी आणि सोबत्यांशी. मोबाइलवरच्या पाठाने पहिला साधला. उरलेले दोन बहुधा राहून गेले.

पहिला तरी सर्वांना कोठे साधला? ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. बाप संत्र्याच्या बागेत, फोन त्याच्या खिशात, आणि शाळा त्या फोनात!

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरची मराठी आणि पुस्तकाची हिंदी हे अंतर आहेच. वर्गात गुरुजी हिंदी धडा शिकवताना मध्येच घरच्या बोलीत एक वाक्य बोलतात आणि मागच्या बाकावरचे पोर मान डोलावते. भोपाळहून आलेल्या चित्रफितीला ते वाक्य कसे सुचावे?

चित्रफितीचा एक गुण मात्र मी नाकारणार नाही. ती दहा वेळा पाहता येते. तीच गोष्ट गुरुजींना दहा वेळा विचारण्याचा धीर लाजऱ्या मुलीला होत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही छापील पुस्तकाच्या जोडीला अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रे ठेवली, ती उगाच नव्हे.

म्हणून या शाळेला माझी विनंती आहे. मुलांनी घरी मोबाइलवर पाठ पाहिला, की दुसऱ्या दिवशीचा पहिला तास केवळ त्यांच्या प्रश्नांसाठी राखावा. प्रश्न मराठीत आला, तर उत्तरही मराठीतच द्यावे.