थकवा कुणाचा? आजाराचा, मनाचा की गोळीचा?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून सुचवलाय. आधीच एखादा जुना, न जाणारा आजार आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्यात डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. आता या नव्या गोळीचा जो त्रास होतो, त्याचं करायचं काय?

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय २८. पाच वर्षांपासून मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे आणि गेल्या वर्षीपासून एस्सिटॅलोप्रॅम चालू आहे. म्हणजे मी पेशंट म्हणून बोलतोय. हे ऐकून आपल्या गोळ्यांत बदल करू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, एवढी यादी मात्र नक्की करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कंबरेच्या आणि पाठीच्या कण्याचा, सुजेचा संधिवात आहे. बहुतेकांना तो पंचेचाळिशीच्या आतच सुरू होतो. पहाटे दुखून जाग येते, सकाळी कंबर आखडलेली असते. आराम केला की वाढतं आणि हिंडलं-फिरलं की कमी होतं, असा उलटा कारभार. त्यावर सुजेच्या, म्हणजे नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

एकच त्रास, तीन दारं

नैराश्य मोजायला डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. त्यात झोप, थकवा, भूक आणि लक्ष न लागणं हे चार प्रश्न आहेत. आता बघा, मला संधिवातानेच झोप लागत नाही. संधिवातानेच थकवा येतो. आणि नैराश्याच्या गोळीच्या साइड इफेक्टची यादी काढली तर तिथेही झोप, थकवा आणि भूक आहेच!

म्हणजे दुपारी तीन वाजता लॅपटॉपसमोर डोळे मिटायला लागले, तर तो थकवा आला कुठून? आजारातून, नैराश्यातून की गोळीतून? हा प्रश्न नुसता डोकं खाणारा नाही, उत्तरावर पुढचे उपचार ठरतात. थकवा आजाराचा धरला तर संधिवाताचे डॉक्टर महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनचा विचार करणार. नैराश्याचा धरला तर मानसोपचारतज्ज्ञ डोस वाढवणार. आणि गोळीचाच असेल तर डोस वाढवल्यावर तो आणखी वाढणार.

उलटंही होतं. एकदा फाइलमध्ये नैराश्याची गोळी लिहिली गेली की काही ठिकाणी खरं दुखणंही "टेन्शनमुळे होतंय" म्हणून बाजूला पडतं. मला एका ओपीडीत हे ऐकायला मिळालंय. तेव्हा सांगायला हातात काहीतरी असावं लागतं.

वही

माझ्या हातात वही होती. ॲप वगैरे काही नाही, साधी शंभर पानी वही. रोज पाच गोष्टी लिहायच्या. सकाळची आखड किती मिनिटं राहिली. दुखणं दहापैकी किती. झोप किती तास. कुठली गोळी किती वाजता घेतली. आणि नवीन काय जाणवलं. दोन मिनिटांचं काम.

गोळी सुरू होण्याआधीचा एक आठवडा लिहून ठेवता आला तर फारच उत्तम, कारण तुलना करायला आधीचं काहीतरी लागतं. आपल्या कामात आपण बदल करण्याआधीचे लॉग जपून ठेवतो ना, तसंच.

चौथ्या आठवड्यात मला दुपारची प्रचंड झोप यायला लागली. घरी आई म्हणाली, "अरे, दुखणं परत उसळलंय तुझं." मलाही तसंच वाटत होतं. पण वहीत सकाळची आखड वीस-पंचवीस मिनिटांवरच होती, गोळी सुरू होण्याआधी होती तेवढीच. दुखणंही वाढलेलं नव्हतं. बदलली होती फक्त दुपार, आणि गोळी मी सकाळी नाश्त्यानंतर घेत होतो. मानसोपचारतज्ज्ञांनी ती दोन पानं पाहिली आणि गोळी रात्री घ्यायला सांगितली. आठवड्याभरात दुपार सुधारली. संधिवाताचे उपचार होते तसेच राहिले. सगळ्यांना रात्रीची वेळ मानवेल असं नाही बरं का, याच गोळीने काहींची झोप उडते, त्यांना डॉक्टर सकाळीच घ्यायला सांगतात.

एक नियम मात्र दोन्ही डॉक्टरांनी पाळला. एका वेळी एकच बदल. दोन गोळ्या एकाच आठवड्यात बदलल्या तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिले पंधरा दिवस

हे सगळ्यात चिवट असतात. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, उगाच बेचैन वाटणं. याला कारण आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि गोळी काम करते सेरोटोनिनवर. त्यामुळे पोट आधी कुरकुर करतं. बहुतेकांचं हे एक-दोन आठवड्यांत कमी होतं. पण मनावरचा फायदा जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. हे आधी माहीत असलं तर धीर धरता येतो. मला खाल्ल्यावर गोळी घेणं आणि थोडं थोडं खाणं याचा उपयोग झाला. डॉक्टरांनी सुरुवातही कमी डोसने केली होती.

पण एक गोष्ट सोसत बसायची नाही. सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर बेचैनी फार वाढली, किंवा जीव द्यावासा वाटायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर तसा ठळक इशाराच छापायला लावलाय. म्हणून घरातल्या एका माणसाला तरी आधीच सांगून ठेवा.

गोळ्यांची आपसातली भांडणं

जुना आजार असणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रक्तातल्या प्लेटलेट्स रक्त गोठवण्यासाठी सेरोटोनिन वापरतात, आणि या गोळ्यांमुळे त्यांच्याकडचा साठा कमी होतो. दुसरीकडे नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या जठराच्या अस्तराला त्रास देतात. दोन्ही एकत्र घेतल्या की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका एकेकटीपेक्षा जास्त होतो. म्हणून मला ॲसिडिटीची गोळी जोडून दिलीय. डांबरासारखी काळी शी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर थेट हॉस्पिटल.

दुसरं, ट्रामाडॉल. दुखण्यावर हे सर्रास दिलं जातं. खोकल्याच्या बऱ्याच औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. त्यामुळे अंग थरथरणं, खूप घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठरणं, गोंधळल्यासारखं होणं, असं काही दिसलं तर थांबायचं नाही. मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेतानासुद्धा आपली गोळी कुठली ते सांगा.

तिसरं, घरातल्या मोठ्यांसाठी. वय जास्त असेल आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर या औषधाने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी-आजोबा अचानक गोंधळले किंवा त्यांचा तोल जायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

यावर माझा उपाय साधा. सगळ्या गोळ्यांची एक यादी, मोबाइलमध्ये फोटो, आणि दोन्ही डॉक्टरांना तीच यादी. त्यांनी एकमेकांशी बोललेलं असेल असं गृहीत धरू नका.

जे कुणी बोलत नाही ते

लैंगिक इच्छा कमी होणं, उशीर लागणं, काहीच न जाणवणं. स्त्री-पुरुष दोघांनाही होतं, आणि अजिबात दुर्मिळ नाही. मळमळ जशी आपोआप जाते तसं हे नेहमी जात नाही. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालंय. सगळ्यात आधी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मला वाटलं माझाच काहीतरी राग आलाय." डॉक्टरांपुढे बोलायला जीभ उचलेना, म्हणून वहीत लिहिलं आणि वही पुढे सरकवली. त्यांनी शांतपणे वाचलं आणि पर्याय सांगितले. डोस कमी करणं, किंवा बुप्रोपियॉन, मिर्टाझापिनसारखं वेगळं औषध. आमच्या बाबतीत डोस थोडा कमी केला. पूर्ण सुटलं नाही, पण बरंच सुसह्य झालंय.

दुखणं हाच मोठा भाग असेल तर ड्युलोक्सेटिनबद्दल विचारा. ते नैराश्यावरही चालतं आणि काही प्रकारच्या जुन्या दुखण्यावरही. अर्थात त्याचेही त्रास आहेतच, मळमळ आणि घाम.

बंद करताना

बरं वाटायला लागलं की पहिला विचार येतो, आता एक गोळी तरी कमी करू. समजू शकतो, माझ्या डब्यात रोजच्या चार आहेत. पण एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होऊ शकतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनने ते जास्त होतं, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकतं म्हणून त्याने कमी. आणि हा त्रास पाहून "बघ, गोळीची सवय लागली" किंवा "आजार परत आला" असं वाटतं. खरं तर मेंदूला सावरायला वेळ हवा असतो. म्हणून गोळी टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या वेळापत्रकानेच सोडायची.

तर मंडळी, आज जमलं तर एवढंच करा. एक वही काढा, तारीख टाका आणि पहिली ओळ लिहा. आणि रात्री-अपरात्री फार अंधारल्यासारखं वाटलं तर १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या गोळीने तुम्हाला काय त्रास दिला आणि कशाने कमी झाला, ते नक्की कळवा. नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.