मेळावा झाला, पण मिळालं काय?

धारा काढून झाल्या असतील, चुलीवर संध्याकाळची भाकरी चढली असेल. हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आता मेळाव्यांचे दिवस येतील. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग संक्रांत, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि पाठोपाठ ८ मार्च. प्रत्येक गटात, प्रत्येक ग्रामसंघात एकच विषय असेल, यंदा मेळावा कसा करायचा? म्हणून आज आम्ही आमच्या दोन मेळाव्यांची गोष्ट सांगणार आहोत. एक फसलेला आणि एक बऱ्यापैकी जमलेला.

आधी फसलेला सांगतो. आमच्या ग्रामसंघानं ठरवलं, संक्रांतीनंतर मोठा मेळावा घ्यायचा. बँकेचे साहेब येणार, गटातल्या बायकांना कर्जाची माहिती देणार, तिथंच अर्ज भरून घेणार. शेळ्या, शिलाई मशीन, पापडाचं मशीन, प्रत्येकीच्या मनात काहीतरी होतं. वेळ दिली सकाळी अकराची. वाड्यावस्त्यांवरून बायका साडेदहालाच येऊन बसल्या. प्रमुख पाहुणे आले दीड वाजता. तोवर कार्यक्रम सुरू करायचं धाडस आम्हाला झालं नाही. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-नारळ देऊन चौदा जणांचे सत्कार. मग भाषणं. बँकेच्या साहेबांच्या हातात माईक आला तेव्हा सव्वाचार झाले होते. चारची एसटी गेली होती, तिच्याबरोबर दोन वस्त्यांवरच्या बायकाही गेल्या होत्या. उरलेल्यांचं लक्ष घरी हंबरणाऱ्या म्हशीकडं. साहेब आठ-दहा मिनिटं बोलले. अर्ज एकही भरला गेला नाही.

पुढच्या मासिक बैठकीत खर्च वाचून दाखवला. मांडव, खुर्च्या, शाली, हार, नारळ, फोटो. सगळं ऐकून घेतल्यावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आजी म्हणाल्या, "मेळावा झाला गं, पण मिळालं काय?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आहे. ती त्या बैठकीत कुणी बोललं नाही. पहाटेपासून चूल पेटवून तिळगूळ करणारी, साठ-सत्तर बायकांचा चहा ठेवणारी आमची एक ताई. दोन वर्षांपूर्वी तिचा मालक गेला. शेवटी हळदीकुंकवाचं ताट फिरायला लागलं, तशी ती गुपचूप उठली आणि शाळेच्या भिंतीमागं भांडी घासायला जाऊन बसली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं. पण थांब असंही कुणी म्हणालं नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्या गप्प बसलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. रजिस्टरच्या कोऱ्या पानावर एकच प्रश्न लिहिला, "मेळाव्यातून घरी जाताना बाईच्या हातात काय असेल?" त्यावर उत्तर लिहिलं, "पूर्ण भरलेल्या अर्जाची पोच." झालं. मग जे जे काम पुढं आलं, ते या उत्तराला धरून आहे का, एवढंच बघायचं.

पहिली गोष्ट वेळेची. पाहुण्यांना कधी सवड आहे, हे आम्ही शेवटी विचारलं. आधी बायकांचा दिवस मांडला. बाजाराचा वार सोडला. नळाला पाणी येण्याचा दिवस सोडला. कांदा काढणीला मजुरी मिळते ते दिवस सोडले, कारण मेळाव्यासाठी बाईचा रोज बुडता कामा नये. एसटी किती वाजता येते, किती वाजता जाते ते लिहिलं. त्यातून बारा ते तीन ही वेळ निघाली. तीन म्हणजे तीन. कुणी कितीही मोठं बोलत असलं तरी.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. पहिल्या वर्षी आम्ही म्हणालो होतो, "सगळ्यांनी मिळून बघू." सगळ्यांनी बघायचं म्हटलं की कुणीच बघत नाही. त्या वर्षी शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली तालुक्याला, अशी गत झाली होती. म्हणून या वेळी पाणी, बैठक, नोंदणी, माईक, चहा, पैसे, किल्ल्या अशी कामं लिहून काढली. प्रत्येक कामापुढं एका बाईचं नाव आणि तिच्या जोडीला दुसरीचं. एकीच्या घरी पाहुणे आले, पोर आजारी पडलं, तर दुसरी आहे. आदल्या दिवशी बरोबर बाराला आम्ही मैदानात जाऊन उभ्या राहिलो आणि सावली कुठं पडते ते बघितलं. सकाळी सावलीत घातलेली सतरंजी दुपारी उन्हात जाते, हे मांडववाल्याला नाही, बसणारणीला कळतं. वीज कधी जाते तेही विचारलं आणि बॅटरीवर चालणारा स्पीकर मागून आणला.

तिसरी गोष्ट पैशाची. खर्च करण्याआधी अंदाज मांडला आणि बैठकीत वाचला. शाली बंद, प्रत्येक पाहुण्याला एक गुलाबाचं फूल. पैसे दोघींच्या हातात, पावत्या तिसरीकडं. गटाच्या पंचसूत्रीत आपण नियमित लेखे ठेवायला शिकलो, ते बचतीपुरतंच का ठेवायचं? मेळाव्याचा हिशोब आठ दिवसांत सगळ्यांसमोर वाचायचा. त्यानं कुजबूज थांबते.

चौथी गोष्ट, खरं काम मेळाव्याच्या आधी होतं. आठ दिवस आधी आम्ही जोडीनं वस्तीवस्तीवर गेलो. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, काय काय लागतं ते बँकेतून आधीच लिहून आणलं होतं. कुणाच्या आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. कुणाचं खातं व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. हे मेळाव्याच्या दिवशी कळलं असतं तर ती बाई रिकाम्या हातानं परत गेली असती. सगळ्यांच्या झेरॉक्स एकदम काढून आणल्या.

पाचवी गोष्ट अवघड होती, पाहुण्यांची. निमंत्रणात आम्ही प्रत्येकाची बोलण्याची वेळ लिहिली. अर्ज भरणं आधी, भाषणं नंतर. बारा वाजता मैदानात सतरा बायका होत्या. पोटात गोळा आला, पण सुरू केलं. साडेबारापर्यंत मैदान भरलं. ज्यांची वाट बघत आम्ही आदल्या वर्षी बसलो होतो, ते पाहुणे एकच्या सुमारास आले. आम्ही उठून नमस्कार केला, पुढं बसवलं आणि टेबलावरचं काम चालू ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. आमच्यातल्या काही जणी घाबरल्या, उद्या सभागृह देणार नाहीत, कामात खोडा घालतील. दोन दिवसांनी आम्ही पाच जणी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "दादा, मान तुमचाच आहे, पण बायकांची एसटी थांबत नाही." थोडा वेळ ते गप्प बसले, मग चहा सांगितला. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणत नाही. पण सभागृह अजून मिळतं.

त्या दिवशी तीन टेबलांवर त्रेचाळीस अर्ज भरले गेले. त्यातले काही सहीसाठी, काही कागदासाठी परत आले. त्यांच्यामागं आम्हाला दोन महिने फिरावं लागलं. मेळावा संपला की काम संपत नाही, हेही तेव्हाच शिकलो.

आता राहिलं हळदीकुंकू. त्यावर आमच्या तीन बैठका झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला ठाऊक असेल. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्यानंतर राज्य शासनानंही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही हे बैठकीत वाचलं. एक मावशी म्हणाल्या, "गावाचं गाव जाणे, आपण रीत मोडू नये." त्यांना कुणी गप्प केलं नाही. त्यांचंही ऐकून घेतलं.

शेवटी असं ठरलं. मेळाव्याच्या दाराशी येईल तिला तिळगूळ, फूल आणि वाण. कुंकवाचं ताट टेबलावर ठेवायचं. जिला लावायचं तिनं आपल्या हातानं लावावं. कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि नोंदणीच्या वहीत "पतीचे नाव" असा जो रकाना असायचा, तो काढून टाकला. बाईचं नाव, गटाचं नाव, वस्ती. बस.

नोंदणीच्या टेबलावर कोण बसणार? आम्ही त्या ताईचं नाव लिहिलं. ती म्हणाली, "मला चुलीपाशीच राहू द्या. लोक काय म्हणतील?" आम्ही म्हणालो, "तुझं अक्षर चांगलं आहे, आम्हाला माणूस पाहिजे." हे खरंही होतं. त्या दिवशी ती आली. येणाऱ्या प्रत्येकीला तिच्यासमोर थांबून आपलं नाव सांगावं लागलं. दोन जणी दारापर्यंत येऊन परत गेल्या, त्याचं वाईट वाटलं. बाकीच्या आल्या. ताईनं कुंकवाच्या ताटाला हात लावला नाही, तिची मर्जी. पण भांडी घासायलाही गेली नाही. शेवटपर्यंत वही पुढ्यात घेऊन बसली आणि तीन वाजता उठून म्हणाली, "एकशे बारा नावं झाली."

चुका याही वर्षी झाल्या. लहान पोरांची काहीच सोय केली नव्हती. पोरं रडायला लागली आणि आयांना अर्ज अर्धवट सोडून उठावं लागलं. आता पुढच्या यादीत पहिलं काम तेच लिहिलंय. अंगणवाडीतली खेळणी आणि दोन मोठ्या मुली.

तर मैत्रिणींनो, तुमच्या येत्या बैठकीत मांडव आणि पाहुण्यांच्या नावांआधी रजिस्टरचं कोरं पान उघडा. त्यावर तीन प्रश्न लिहा. घरी जाताना बाईच्या हातात काय असेल? कोणत्या वेळेला तिचं काम आणि तिचा रोज बुडणार नाही? आणि आपल्यातली कोण भिंतीमागं राहते? उत्तरं एका बैठकीत मिळणार नाहीत. आम्हाला तीन लागल्या.

तुमचा मेळावा कसा झाला, काय फसलं, काय जमलं, ते आम्हाला जरूर कळवा. फसलेलं आधी सांगा, त्यातूनच सगळ्या जास्त शिकतो. येतो आता. नमस्कार.