ठोकळे मुलींच्याही हातात द्या

(घाटकोपर येथे बालवाडीताई आणि पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका आईने विचारलं होतं, "बाई, आमची पोर बालवाडीत नुसते ठोकळे रचते. मग अक्षरं कधी शिकणार?" प्रश्न रास्त आहे. फी भरायला ती चार घरची धुणीभांडी करते. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

ठोकळे रचणाऱ्या मुलाकडे पाच मिनिटं नुसतं बघत बसा. दीड वर्षाचं मूल दोन-तीन ठोकळे एकावर एक ठेवतं, ढकलतं आणि खिदळतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून ते पूल करू लागतं. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण दोघांमधलं अंतर जास्त झालं की वरचा पडतो. मग एक जवळ सरकवायचा, नाहीतर लांब ठोकळा शोधायचा. पट्टी न घेता केलेलं हे मोजमापच आहे. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, हे हाताला आधी कळलेलं असलं की शाळेतले अपूर्णांक परके वाटत नाहीत. आणि चौघं मिळून रेल्वे स्टेशन बांधतात, तेव्हा 'तुझा पूल माझ्या रुळांवर येतो' हे भांडण बोलूनच मिटवावं लागतं. भाषा तिथे वाढते. अक्षरं चार महिने उशिरा आली तर काही बिघडत नाही.

हे नवं खूळ नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७च्या सुमारास मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या केल्या. एका पेटीत आठ सारखे घन. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, खडे यांतून साधनं उभी केली. महागड्या साधनांवाचून गरिबाच्या मुलाचं अडू नये, ही त्यांची दृष्टी.

आता माझं खरं म्हणणं. खेळणं घेताना मुलाला ठोकळे आणि गाडी, मुलीला भातुकली. भातुकली वाईट नाही, मुलग्यांनीही खेळावी. पण मुलीला तेवढीच का? दहा बाय बाराच्या खोलीत जमीन ती केवढी, आणि ती मुलगा अडवून बसतो. मुलीने पसारा मांडला की "आवर आधी, धाकट्याला घे". तिचा डाव कायम अर्धा. आपल्या बालवाडीतही ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मुलगे आधी पोचतात, मुली कडेला उभ्या राहून बघतात.

म्हणून मी काही दिवस रोज अर्धा तास तो कोपरा मुलींसाठी राखला. पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या ओळी लावल्या. आठवड्याभरात चाळ उभी राहिली, जिना आणि गॅलरीसकट. एकीने प्रत्येक खोलीत आणखी एक भिंत घातली. "हे काय गं?" विचारलं तर म्हणाली, "संडास. घरातच." रात्री गल्लीच्या टोकाला जायची भीती चार वर्षांच्या पोरीलाही कळते बरं का.

पैशांचं म्हणाल, तर सुताराकडे उरलेले तुकडे मागा. एकाच जाडीचे कापून घ्या: अर्धे, पूर्ण, दुप्पट लांबीचे. कडा पॉलिशपेपरने घासा. तोंडात मावतील इतके लहान नकोत. आवरायला मुलगे-मुली दोघांनाही लावा. आणि जागा असेल तर मुलींनी रचलेलं लगेच मोडू नका, उद्यापर्यंत राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्या तिथूनच पुढे बांधतात.