गावाकडचा पुरावा

माझ्या अम्मीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. खरं म्हणजे ती गांधीजी गेले त्या थंडीतली. मास्तरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या वर्गालाच १ जूनला जन्माला घातलं! आमच्या घरात हा थट्टेचा विषय. पण कुणाचा जीवच अशा कागदावर अडकला असेल तर?

अमेरिकेत तसं घडतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अ‍ॅटकिन्स खटल्यात ठरवलं, की बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला मृत्युदंड देता येणार नाही. मात्र ते अपंगत्व लहानपणापासून होतं, हे दाखवावं लागतं. आता आरोपी टेक्ससच्या तुरुंगात आणि त्याचं लहानपण मेक्सिकोतल्या एखाद्या खेड्यात. मग बचाव पक्षाचा माणूस ते खेडं गाठतो. शाळेची जुनी रजिस्टरं शोधतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो : पोर बोलायला कधी लागलं? दुकानातून उरलेले पैसे नीट मोजून आणायचं का? बरोबरीची मुलं त्याला काय म्हणून हाक मारायची?

आई पहिल्या भेटीत सांगते, 'माझा मुलगा हुशार होता हो.' कोणती आई वेगळं सांगेल? त्या कौतुकानेच त्याची केस कमजोर होते, हे तिला कुठून कळणार? म्हणून एका फेरीत काम भागत नाही. एकेकाला वेगळं गाठायचं, समोरासमोर बसायचं, पुन्हा जायचं. मध्ये दुभाषी. 'भोळा', 'मंद', 'वेडा' यांत किती अंतर आहे, हे आम्हा कवितावाल्यांना विचारा. इथे एक शब्द चुकला तर माणूस जातो.

सरकारी पक्षाला वाट मोकळी असते. दोन देशांत परस्पर कायदेशीर साहाय्याचे करार असतात. भारत-अमेरिकेतही २००१ साली असा करार झाला. पण हे करार सरकारांच्या सोयीचे. आरोपीच्या वकिलाला त्यातून सहसा काही मागता येत नाही. त्याने न्यायालयाकडून विनंतीपत्र मिळवायचं आणि ते परदेशातल्या न्यायालयापर्यंत पोहोचण्याची वाट पाहायची. नाहीतर तिकीट काढून स्वतःच दार ठोठवायचं. हा तराजू मला तरी सरळ वाटत नाही.

अशा वेळी आरोपीच्या देशाची वकिलात कामी येते. मेक्सिकोने २००० साली त्यासाठी खास योजनाच सुरू केली. पण वकिलातीला अटकेची खबर तर हवी! परदेशी माणसाला पकडलं की त्याचा हा हक्क त्याला विनाविलंब सांगावा, असं व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम म्हणतं. अमेरिकेने ते पाळलं नाही म्हणून मेक्सिको हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ३१ मार्च २००४ च्या निकालात ५२ पैकी ५१ जणांना हा हक्क सांगितलाच नव्हता, असं ठरलं आणि शिक्षांचा फेरविचार करा, असा आदेश झाला. आपल्या कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात २०१९ साली पाकिस्तानवर ठपका आला, तो याच कलमाखाली.

त्या ५१ जणांतल्या ओस्वाल्दो तोरेसची मृत्युदंडाची शिक्षा ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनी मे २००४ मध्ये जन्मठेपेत बदलली. होसे मेदेयीनचा गुन्हा भयंकर होता, दोन मुलींच्या खुनाचा. हेगचा निकाल आमच्यावर बंधनकारक नाही, असं टेक्ससचं म्हणणं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मानलं. त्याच वर्षी ५ ऑगस्टला, फेरविचार न होताच, त्याला विषारी इंजेक्शन देण्यात आलं.